पिपरीचे खड्डे आणि नॉर्वेच्या बाईंची क्रियापदं

दिवाळी उलटली की दिवस लहान होतात, याचा राग येणारी बाई वर्ध्यात तेव्हा मी एकटीच असेन. बाकीच्या बायका ट्रंकेतून स्वेटर काढायच्या, हुरड्याचे बेत करायच्या, आणि मी समोरच्या भिंतीवरचं ऊन कुठवर चढलं ते बघत बसायची. साडेपाच झाले की उजेड मंदावायचा. शाळा पाचला सुटायची. माझे यजमान तिथून पायी घरी यायचे, आणि त्यांना संध्याकाळचं दिसत नव्हतं.

दिवसा सगळं ठीक होतं. गणिताचे मास्तर. फळ्यावर आकडे असे काढायचे की पुसायचा जीव होऊ नये. तांदळातला खडा माझ्याआधी त्यांना दिसायचा. पण ऊन कललं की कडेकडेनं अंधार आत सरकत येतो, असं ते सांगायचे. आधी सायकल सुटली. "पायी व्यायाम होते," असं शेजाऱ्यांना सांगितलं. मग अंगणातली बादली लाथाडली गेली, मग चौकट कपाळाला लागून खोक पडली, तेव्हा मी त्यांना अक्षरशः ओढत नागपूरला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजेड मारून मारून पाहिलं आणि सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, चष्म्यानं जायचा नाही, औषध नाही, हळूहळू वाढत जाईल. हळूहळू म्हणजे किती, ते काही सांगेनात. "जपून राहा," म्हणाले. जपून राहा म्हणे! जसं काही आम्ही रोज उठून विहिरीवरून उड्या मारत होतो.

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहीन. कमिटीच्या कानावर गेलं तर दुसऱ्या दिवशी दुसरा मास्तर उभा करतीन. आणि मायले तर बिलकूल नाई सांगाचं."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं? पण जिच्याबद्दल कोणाजवळ बोलायचंच नाही अशी भीती पोटात ठाण मांडून बसते. मला रात्रीचं जेवण जाईना. माहेरी गेले तेव्हा आईनं विचारलं, "काही विशेष आहे का गं?" आता काय सांगू, विशेष काय आहे ते!

आम्ही वर्ध्याला लागूनच्या पिपरीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. पिपरी तेव्हा नुकती वाढायला लागली होती. शेतांचे प्लॉट पडत होते, कोर्टातले, पोस्टातले, शाळांमधले लोक कर्ज काढून घरं बांधत होते. चांगली गोष्ट आहे, बांधा बाबांनो. पण बांधायचं म्हणजे आधी खोदायचं. आज इथे पाया, उद्या तिथे चुन्याचं टाकं. काल जी पायवाट होती तिच्यात आज कमरेइतका चर. कठडा नाही, काटकी नाही, कंदील तर दूरच. एका महाशयांनी घराआधी विहीर खणायला घेतली, पाणी लागलं नाही म्हणून तशीच उघडी टाकली आणि बदली होऊन चालते झाले. ती विहीर आमच्या वाटेवर होती. मी तिच्याकडे बघितलं की मला तिच्यातून कोणीतरी हाक मारल्याचा भास व्हायचा.

म्हणून मी रोज संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन निघायची आणि शाळेच्या वळणावर त्यांना "अचानक" भेटायची. रोज अचानक! त्यांनाही कळत होतं, मलाही कळत होतं, पण दोघंही तोंडातून शब्द काढत नव्हतो. ते पुढे, मी मागे. नवरा पुढे आणि बायको दोन हात मागे, हीच आमच्याकडची चालायची पद्धत. मग मी मागून बोलायला लागायची. "बघा बाई, या पोस्टमास्तरांनी आज गिट्टी अगदी डाव्या अंगाला आणून टाकली!" ते उजवीकडे सरकायचे. "इथे किती खोल खणलं आहे हो, सरळ गेलं तर माणूस पडायचा एखादा!" ते थांबायचे, खिशातून रुमाल काढल्यासारखं करायचे, मी हळूच म्हणायची, "वळून जाऊ या." सगळी पिपरी मी अशी लोकांच्या बांधकामाला नावं ठेवत पार करायची. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्याही, "मास्तर किती गरीब गं तुझे! रस्ताभर तुझी टकळी चालू, पण बिचारे एका शब्दानं बोलत नाहीत." मी हसले. विहिरीजवळून जाताना मात्र माझी टकळीच बंद पडायची. नेमकं जिथे बोलायला हवं तिथेच आवाज फुटायचा नाही, आणि मी नुसती जोरात बांगड्या वाजवायची.

असं किती दिवस चालणार? एक दिवस मी शाळेत पोचायला उशीर केला तर? एक दिवस मी आजारी पडले तर? रात्रंदिवस डोक्यात हेच.

आणि अशात मला एका कामाबद्दल कळलं. गावाबाहेर एका जुन्या बंगलीत, मोठ्या वयात दृष्टी गेलेल्या लोकांना शिकवायचं एक लहानसं केंद्र निघालं होतं. तिथे नॉर्वेच्या एक बाई आल्या होत्या. साठीच्या, उंच, खादीचं पातळ घोट्याच्या चांगलं वर नेसायच्या आणि सायकलवरून बाजारात जायच्या. त्यांनी आपल्या देशातलं एक पुस्तक आणलं होतं. आंधळ्या माणसाला कसं न्यायचं आणि घरच्यांनी त्याच्याशी कसं वागायचं, हा त्याचा विषय. ते आधी इंग्रजीत करायचं, मग त्यावरून हिंदी-मराठी दुसरं कोणी करणार. बाईंचं इंग्रजी मोडकंतोडकं, म्हणून नीट इंग्रजी लिहून टाइप करणारी कोणीतरी हवी होती. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, टायपिंग आलेली. नॉर्वेजियनचं मात्र मला ओ की ठो येत नव्हतं. पुस्तकाचा विषय ऐकला आणि माझे कान तापले. घरी-दारी सांगितलं, की पगार बरा आहे.

आमची कामाची रीत अशी. बाई एक वाक्य नॉर्वेजियनमध्ये वाचायच्या, मग त्यांच्या इंग्रजीत सांगायच्या, मग मी ते माझ्या इंग्रजीत बसवायची. नामांचं काही अडायचं नाही. काठी म्हणजे काठी, जिना म्हणजे जिना. अडायचं ते क्रियापदांपाशी. अहो, त्या देशात माणसं ती किती, आणि एकाला दुसऱ्यानं नेण्यासाठी शब्द किती! मी शब्दकोशात तोंड घालून बसले की बाई तो मिटून ठेवायच्या, खुर्चीतून उठायच्या, माझ्या डोळ्यांवर पंचा बांधायच्या आणि ते क्रियापद मला करून दाखवायच्या.

पहिलं होतं "लेडे". बाई पुढे चालल्या, मी त्यांच्या आवाजामागे. कारखान्याचा साहेब, गावचा पुढारी, सगळ्यांसाठी हेच, असं त्या म्हणाल्या. मी "लीड" टाइप केलं. ते सोपं गेलं. मग आलं "फ्योरे". बाईंनी मागून माझ्या दोन्ही दंडांना धरलं आणि मला पुढे ढकलत चालवायला लागल्या. मी अशी किंचाळले की आतले शिकणारे लोक "काय झालं वो?" करत भिंत चाचपत बाहेर आले. मी पंचा काढला. बाई शांतपणे म्हणाल्या, असं कधीही करू नका, असं पुस्तकात आहे. माणसाला आपल्या पुढे ढकलायचं नाही. त्याला इंग्रजी काय लावायचं यावर अख्खी दुपार गेली. मी "कंडक्ट" सुचवलं, तर त्या म्हणाल्या, कंडक्टर तर यष्टीत असतो, तो कुठे ढकलतो? मी म्हटलं, तुम्ही आमची समुद्रपूरची यष्टी पाहिली नाही. बाई खूप हसल्या. मग आम्ही "स्टिअर" ठेवलं, हातगाडीसारखं.

खरी पद्धत त्यानंतर आली. बाईंनी माझी मूठ आपल्या कोपरावर ठेवली आणि स्वतः अर्धं पाऊल पुढे उभ्या राहिल्या. मी सवयीनं त्यांना माझा हात धरायला दिला, तर त्यांनी तो बाजूला केला. म्हणाल्या, मी तुला धरणार नाही, तू मला धर. तुला भीती वाटली तर तू सोडशील, सोडणं माझ्या हातात नाही. या नेण्यासाठी त्यांच्याकडे वेगळाच शब्द होता, बरोबर जाण्याचा अर्थ असलेला. मी "गाइड" लिहिलं, खोडलं, "अकम्पनी" लिहिलं, तेही खोडलं. एकातही ती मूठ येत नव्हती. धरणाऱ्याच्या हातात सगळं, आणि नेणारा नुसता आपलं कोपर उसनं देऊन चालतोय, हे इंग्रजीत मला सांगताच येईना. शेवटी "गाइड"च राहिलं.

अजून एक होतं, "लाये". हातात हात घालून चालणं. आई मुलाला नेते तसं. बाई म्हणाल्या, आमच्याकडे म्हातारे नवरा-बायकोही असेच चालतात, बर्फावरून घसरू नये म्हणून. भर रस्त्यात? मी विचारलं. हो, रविवारी, चर्चला जाताना, सगळ्यांसमोर. मला त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्या बायकांचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. इंग्रजीत त्याला एकच असा शब्द नाही. मी तीन-चार शब्दांची शेपटी लावून वाक्य पुरं केलं आणि पाणी प्यायला उठले.

दुसरा भाग वागण्याचा. तिथे "ओप्फ्योरे सै" असं तोंडात न मावणारं क्रियापद पानोपानी. त्याला "बिहेव". वाक्य असं होतं, की घरात एखाद्याची दृष्टी जात असेल तर घरच्यांनी पूर्वीसारखंच वागावं. मी टाइप केलं आणि बोटं थांबली. मी विचारलं, पूर्वीसारखं म्हणजे कसं? बाईंनी सांगितलं. मी परत विचारलं, पण समजा त्या माणसाला कोणाला कळू द्यायचं नसेल तर? समजा तो कबूलच करत नसेल तर? बाईंनी पुस्तक मिटलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "इन युवर हाउस, हू?"

"नोबडी," मी म्हटलं. आता ही बाई बाजारात जाईल, कोणाशी बोलेल, ते शाळेच्या कमिटीपर्यंत जाईल, असं काय काय एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, की पूर्वीसारखं वागणं वेगळं आणि काही झालंच नाही असं वागणं वेगळं; पुस्तकात पहिलं लिहिलं आहे, दुसरं नाही. आणि तेवढं एक वाक्य त्यांनी माझ्याकडून नव्यानं टाइप करून घेतलं.

एकदा त्यांनी मला पंचा बांधून अंगणाच्या मधोमध नेलं आणि म्हणाल्या, आता मी बाजूला होते, तू एकटी व्हरांड्यात ये. सपाट अंगण, रोजचं पायाखालचं. पण बाईंचं कोपर गेलं आणि पायाखालची जमीनच गेली. मला वाटलं, पुढच्या पावलाला विहीर आहे. नाही, हे मला माहीत होतं, तरी वाटलं. पाय उचलेना. उन्हात उभी राहून मी घामानं निथळत होते. हे तर हा माणूस रोज करतो, रोज शाळेच्या फाटकातून बाहेर पडतो आणि कोणाला न सांगता त्या पोकळीत पाय टाकतो! मी पंचा ओरबाडून काढला आणि बाईंना न विचारता घरी निघाले. त्या दिवशी शाळेच्या वळणावर मी ऊन असतानाच जाऊन उभी राहिले.

घरी आल्यावर मी सरळ विषय काढला. म्हटलं, माझं कोपर धरून बघा ना, इथे खोलीतच. ते आधी हसले. मग मी उठून दाखवायला लागले तसे चिडले.

"म्हणजे मी तुह्या मागं चालू? रस्त्यानं? उद्या पोरं फळ्यावर चित्र काढतीन, मास्तर बायकोचा पदर धरून चालले म्हणून."

"अंधारात कोण बघतंय?"

"काऊन, अंधारात लोकं आंधळे होतात काय?" असं म्हणाले आणि स्वतःच चपापले. मग म्हणाले, "त्या गोऱ्या बाईचं पुस्तक तिकडंच ठेवत जा. माह्यावर प्रयोग करू नको."

मलाही राग आला. म्हटलं, "पडा मग त्या विहिरीत!" बोलून गेले आणि आपल्याच तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी परत पिशवी घेऊन वळणावर.

त्या उन्हाळ्यात धाकट्या दिराचं लग्न निघालं. सासर समुद्रपूरकडच्या एका खेड्यात. सासरे नव्हते, त्यामुळे थोरला मुलगा-सून म्हणून देवकाला आम्हीच बसायचं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वाजतगाजत मारुतीच्या देवळात जायचं, देवक घेऊन मांडवात यायचं. संध्याकाळी! ऐकल्यापासून माझी झोप उडाली. पिपरीतला एकेक खड्डा मला पाठ होता. इथे लग्नघराचं अंगण, जागोजाग खुंट्या, दोऱ्या, बैलगाड्यांच्या धुऱ्या, आणि सगळा गाव बघायला. मी म्हटलं, पाय मुरगळला म्हणून सांगा. ते म्हणाले, "मायच्या घरचं कार्य हाय. मी जाईन."

आणि देवळात निघायच्या वेळी नणंदेनं येऊन त्यांच्या शेल्याचं टोक आणि माझा पदर यांची गाठ मारली. आमच्या सासरची रीतच आहे, देवक आणणारं जोडपं गाठ बांधूनच जातं. मला एकदम हायसं वाटलं. अगं बाई, हे तर देवानंच सोय केल्यासारखं! ते पुढे, मी मागे, मध्ये कापड. कोणाला संशय यायचं काम नाही. डावीकडे ओढलं की ते डावीकडे, थोडं ताणून धरलं की थांबायचे. त्यांनीही लगेच ओळखलं. वाजंत्री वाजत होती, गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन माणसं पुढे होती, आणि आम्ही त्या गर्दीतून देवळात जाऊन देवक घेऊन परत आलो, साधी ठेचही लागू न देता. येताना त्यांनी मान किंचित मागे वळवून "बरं जमते वो तुले," असं पुटपुटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. माझा जीव भांड्यात पडला. एवढं मांडवात पोचलो की झालं.

मांडवाच्या तोंडाशी नणंद वाट अडवून उभी होती. गाठ तिनंच सोडायची आणि त्याबद्दल नेग, आपला हक्काचा अहेर, मागायचा, तीही रीत. मी विसरलेच होते. "वहिनी, लुगडं घेतल्याबिगर आत नाई जाऊ देत," करत, हसत, तिनं गाठ सोडली आणि शेला ओढून घेऊन पळाली. बायका मला मांडवाच्या खांबाशी ओढून ओटी भरायला लागल्या. वाजंत्री थांबली. गॅसबत्त्यावाले बत्त्या उतरवून दुसरीकडे घेऊन गेले. मी वळून बघितलं तर हे एकटेच, हातात देवकाचं ताट, आणि हळूहळू उजेडाच्या दिशेनं निघालेले.

तो उजेड बत्तीचा नव्हता. मांडवाच्या बाजूला स्वयंपाकाची भट्टी खणली होती, लांबच लांब चर, आत लाकडं धडधडून पेटलेली, एका टोकाला त्यावर वरणाचा भलामोठा गंज रटरटत होता. दुसरं टोक उघडंच होतं. ते त्या उघड्या टोकाकडे चालले होते. सरळ, ताठ, मांडवातच चाललो आहोत अशा खात्रीनं.

"अहो!" मी ओरडले.

मांडवातले निम्मे पुरुष वळले. एक-दोघं "काय वो?" म्हणालेसुद्धा. लग्नघरात दिवसभर प्रत्येक बाई "अहो"च करत होती. हे आपल्यालाच आहे, ते त्यांना कसं कळावं? ते चालतच राहिले. मी परत "अहो!" केलं. तोवर त्यांच्या तोंडावर जाळाची लाली आली होती. आणि मग माझ्या तोंडून त्यांचं नाव निघालं. नुसतं नाव, पुढेमागे काही नाही, आणि पाठोपाठ, "थांब! हलू नको!"

ते जागच्या जागी थांबले. पायाचा अंगठा चराच्या काठावर. ताटातला एक नारळ गडगडत जाऊन जाळात पडला आणि ठिणग्या उडाल्या. मी गर्दीतून धावत जाऊन त्यांच्या दुसऱ्या अंगाला उभी राहिले. धरायला हात पुढे केला, आणि चार वडीलधारी बघताहेत हे दिसून तसाच मागे घेतला.

मग एक चुलत सासरे खो खो हसले. "वा रे मास्तरीण! उखाणा घेतल्याबिगर नाव!" सगळा मांडव हसायला लागला. माझ्या सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या उठून माझ्यासमोर आल्या. "नवऱ्याले अरे-तुरे करतं? चार मानसांत? 'हलू नको' म्हनतं? शिकल्या-सवरल्या पोरीचं हेच वागनं काय वो? त्याची काई इज्जत हाय का नाई?"

माझ्या लक्षात आलं, की कोणालाच काही कळलेलं नाही. त्यांना दिसली ती फक्त नवऱ्याला नावानं हाक मारणारी बेशरम बाई. मान खाली घातली की हा विषय तिथेच संपणार होता. चार दिवस बोलणार, मास्तर मात्र सहीसलामत. मी मान खाली घातली. "चुकलं," म्हटलं. सासूबाईंचं बोलणं थांबेना. "मापी माग त्याले!" म्हणाल्या. मी "माफ करा" म्हणायला तोंड उघडलं, आणि तेव्हा मात्र मला रडू फुटलं. बोलणी बसली म्हणून नव्हे. हे असंच चालणार, पुढच्या वेळी मी पोचणार नाही, आणि हा माणूस कोणाला न सांगताच जाणार, या भीतीनं.

"माय," ते म्हणाले. आवाज अगदी शांत, वर्गात गणित सांगतात तसा. "तिले काई बोलू नको. मले दिसत नाई."

"आं?"

"अंधार पडला का मले दिसत नाई, माय. दिवसाचंही जाईन हळूहळू. औषद नाई त्याले. हे आग मले गॅसबत्ती वाटली. तिनं नाव नसतं घेतलं तर आता मी यात असतो."

कोणी हसलं नाही आता. सासूबाई त्यांच्या पायांकडे, त्या काठावरच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"मंग इतके दिस चालत कसा होता रे तू? कोन आने-नेये तुले?"

"ही," ते म्हणाले, आणि सगळ्यांसमोर हात लांब करून त्यांनी मला दाखवलं.

त्यांचा हात गेला तो माझी हाक जिकडून आली होती तिकडे, मांडवाच्या खांबाकडे. मी तिथे नव्हते. मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला, हातभर अंतरावर उभी होते. सगळे लोक त्या रिकाम्या खांबाकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. ते तसाच हात रोखून उभे होते. मी त्यांच्या मागून पाय न वाजवता गेले आणि त्यांचं बोट जिथे होतं तिथे जाऊन उभी राहिले.